दिव्यानी, हात खाली

बोडीटोला, ता. चामोर्शी
१८ सप्टेंबर २०२३

प्रिय मावशी,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या कानालाही, जो फोन उचलतो पण ऐकत काहीच नाही. म्हणून हे पत्र. इथे तसंही बोडीच्या पाळीवर, तळ्याच्या त्या बांधावर, उभं राहिलं तरच नेटवर्क मिळतं, आणि पाळीवर उभं राहून तुला ऐकू जाईल एवढ्या जोराने बोललं की मॅडमच्या घरच्या गोष्टी अख्ख्या गावाला कळतात.

तू जन्मभर पहिली ते तिसरीची पोरं हाकलीस आणि आता भद्रावतीला बसून आमच्यासारख्यांना नावं ठेवायला मोकळी झालीस. तेव्हा तुलाच विचारते.

माझ्याकडे तिसरी आहे. तिच्यात दिव्यानी नावाची आठ वर्षांची मुलगी आहे. बोलायला हुशार. आमच्या बोडीत मगर आहे की नाही यावर ती शाळा सुटेपर्यंत बोलू शकते. तेच लिही म्हटलं की संपलं. अक्षर निघत नाही. निघालं तर उलटं निघतं, नाहीतर ओळ सोडून वर चढतं. पेन्सिल इतकी दाबते की कागद फाटतो, आणि कागद फाटला की उरलेला ती स्वतः फाडते. मग शेजारी जो असेल त्याची पाळी. परवा लच्छूने तिच्या वहीत डोकावलं, तर ती त्याच्या मनगटाला चावली.

आमच्या हेडमास्तरांनी, घनश्याम सरांनी, तिच्या बापाला पुन्हा बोलावून घेतलं. मुखरू त्याचं नाव. बोडीत मासे धरतो, थोडं धान आहे, आणि माघ लागला की बायकोला घेऊन तेलंगणात मिरची तोडायला जातो. इथलं अर्धं गाव जातं. सोबत गेलेली पोरं चैत्रात गावात परत येतात, पण शाळेत परत येत नाहीत, हे मी दोन वर्षं पाहिलं आहे. दिव्यानी आजवर आजीजवळ राहायची. या वेळी मुखरू वर्गाच्या दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मी बोडीत जाऊ का रोज शाळेत येऊ? आता एक बी तक्रार आली त पोरीले मिरचीले संग नेतो. तिथी रानात चावायचं तेवढं चावन."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. तो रागावलेला नव्हता, हिशेबाने बोलत होता. म्हणजे आता माघापर्यंत तिची तक्रार त्याच्या कानावर जाता कामा नये. गेली तर पोरगी गेली. काय करू ते सांग.

तुझी,
रीता

*

भद्रावती
१ ऑक्टोबर २०२३

चि. रीता,

आशीर्वाद आहेतच. माझा कान बरा आहे, फोन खराब आहे. तुझ्या पत्रात दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं आहे, तिसरीच्या बाईंनी चुकू नये.

आता तुझ्या पोरीचं. तिला लिहिता येत नाही हा एक आजार आणि तिला आवरत नाही हा दुसरा. दोन्ही एकदम धरायला जाशील तर तेलही जाईल आणि तूपही. आधी आवरणं शिकव. तोंड आवरलं की हात आवरतो, हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, पोरांत पाहिलेलं आहे.

मी काय करत होते ते सांगते. लिहायला बसायच्या आधी प्रत्येक पोराने तोंडात घोटभर पाणी घ्यायचं. गिळायचं नाही, थुंकायचं नाही. ओळ पुरी झाली की गिळायचं आणि पुढच्या ओळीला नवा घोट. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही, ओरडता येत नाही, आणि चावता तर मुळीच येत नाही. खाणीच्या कॉलनीतल्या साहेबांची पोरंसुद्धा माझ्या वर्गात गाल फुगवून बसायची. पहिले काही दिवस पिचकाऱ्या उडतील, त्यांच्याकडे बघू नको. आणि एकट्या तिला पाणी देऊ नको, साऱ्या वर्गाला दे, म्हणजे तिला शिक्षा वाटणार नाही.

धीर धर. पी हळद अन् हो गोरी असं पोरांच्या बाबतीत होत नसतं.

सुगंधामावशी

*

बोडीटोला
३ नोव्हेंबर २०२३

प्रिय मावशी,

कमाल आहे तुझी. पिचकाऱ्या उडाल्या, माझ्या नव्या साडीवरही उडाल्या, पण नंतर वर्ग असा बसला की बाहेर कोणी बोडीत जाळं फेकलं तरी आवाज येतो. घनश्याम सर परवा दारात आले आणि मुलं आली आहेत ना, असं विचारून गेले.

दिव्यानी तर ओळखू येत नाही. पाणी तोंडात धरून, दोन्ही हात वहीवर ठेवून ती बसते. कुणाला चावली नाही, कुणाची पाटी फेकली नाही, एक कागद फाडला नाही. लच्छू मुद्दाम तिच्या शेजारी जाऊन बसला, पाहायला की काय होतं. काही झालं नाही. तो बिचारा नाराज झाला.

सोमवारी चामोर्शीच्या बाजारात मुखरू मासळी घेऊन बसलेला दिसला. त्यानेच हाक मारली. म्हणाला, पोरगी शांत झाली म्हणून तिची आजी सांगते, असंच चाललं तर घरीच ठेवू. बळेच दोन मासे माझ्या पिशवीत टाकले. परत येताना एसटीत मी एकटीच हसत होते. शेजारची बाई सरकून बसली.

दिवाळीला येणार होते, पण या वर्षी जमेलसं वाटत नाही. तुझ्या हातचे अनारसे मनातच खाते.

रीता

*

भद्रावती
२४ नोव्हेंबर २०२३

चि. रीता,

तुझं पत्र मी भिशीच्या बायकांना वाचून दाखवलं. एकीचा नातू दुसरीत आहे, तिने पाण्याचा उपाय लिहून घेतला. अनारसे मनात खाऊन पोट भरत असेल तर बरंच आहे, मला तेवढा गूळ वाचला.

पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला एक गोष्ट त्यात सापडली नाही. पोरगी बोलत नाही, चावत नाही, फाडत नाही, हे तू सगळं लिहिलंस. ती लिहिते काय, हे लिहिलं नाहीस. विसरली असशील. तिच्या वहीचं एक पान फाडून पुढच्या पत्रात पाठव. चुका असल्या तरी चालतील, मला चुका बघायची सवय आहे.

सुगंधामावशी

*

बोडीटोला
९ डिसेंबर २०२३

प्रिय मावशी,

पान पाठवत नाही. पाठवण्याजोगं काही नाही.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तिची वही मागून घेतली. दसऱ्यापासूनची पानं कोरी आहेत. वर तारीख आहे, तीही शेजारच्या मुलीने घालून दिलेली. तिने कागद फाडला नाही, कारण फाडावं असं त्यावर काही नव्हतंच. पाणी तोंडात धरायचं, पेन्सिल हातात धरायची आणि बाकीच्यांची ओळ संपली की त्यांच्यासोबत गिळायचं, एवढं ती शिकली होती. तू विचारशील की मी इतके दिवस काय करत होते. तपासायच्या वह्यांत तिची वही यायची नाही, आणि मी मागत नव्हते. मागितली तर बिघडेल, अशी मला भीती होती. मला शांतता हवी होती, ती मिळाली होती.

त्यानंतर शाळेची बोअरिंग बिघडली. घागर कोरडी, पोरं म्हणाली मॅडम, पाणी नाई. मी म्हटलं, आज तसंच लिहा. विषय दिला होता, आपली बोडी. थोड्या वेळाने मागून पुटपुटणं ऐकू आलं. गप्प करायला म्हणून मी ओठावर बोट ठेवून मागे गेले. दिव्यानी वहीवर वाकली होती आणि बोलत होती. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही.

"दिव्यानी, डंडी काढ. सीधी काढ. थांब. आता पोट काढ. दिव्यानी, हात खाली, वर नोको जाऊ. चुकलं त चुकलं. फाडू नोको. बाजूले काढ."

मी ओठावरचं बोट काढून घेतलं. तिने लिहिलं, बोडीत मगर हाय. ओळ वर चढलेली होती, एक अक्षर उलटं होतं, पण ती ओळ होती आणि तिची होती. मध्ये एकदा चुकलं तेव्हा तिचा डावा हात कागद चुरगाळायला निघाला. तिने आपलंच नाव घेऊन त्या हाताला हाक मारली आणि तो मागे गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

मावशी, ती बोलूनच स्वतःला आवरते. आणि आपण दोघींनी मिळून तिचं तेच तोंड पाण्याने बंद केलं होतं. आता पाणी बंद. बोअरिंग सुरू झाली तरी बंद.

रीता

*

भद्रावती
१७ डिसेंबर २०२३

रीता,

एका पोरीसाठी वर्गाचा बाजार करू नको. एक बोललं की दुसरं बोलतं, मग तू ओरडशील, मग तुझा घसा बसेल आणि तू मला लिहिशील की मावशी, घशाला काय घेऊ.

शिवाय तू मुखरूची अट विसरलीस. पोरगी लिहिते का, असं त्याने विचारलं होतं काय? शांत राहावी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. उद्या कोणी त्याला सांगेल की तुझी लेक वर्गात एकटीच बडबडते. मग? शांत राहिली तर शाळेत राहील. शाळेत राहिली तर आज ना उद्या लिहील. मिरचीच्या रानात तिला कोण शिकवणार आहे? सर सलामत तो पगडी पचास, हे तुला मी सांगायला पाहिजे काय?

एक ओळ लिहिली म्हणून हुरळून जाऊ नको. माघ जवळ आला. पाणी चालू कर.

सुगंधामावशी

*

बोडीटोला
१० जानेवारी २०२४

प्रिय मावशी,

पाणी चालू केलं नाही. भद्रावतीला बसून तू उंटावरून शेळ्या हाकतेस, तरी तुझं अर्धं खरं झालं, ते आधी सांगते.

वर्गाचं काही बिघडलं नाही. पोरांनी चार दिवस तिची नक्कल केली आणि कंटाळली. दोघं-तिघं अजून तिच्यासारखं पुटपुटत लिहितात, आणि खरं सांगते, ती आधीपेक्षा बरं लिहितात. बिघडलं ते घरी. दिव्यानीला या बोलण्याची गोडी लागली. झाडताना, पाणी भरताना, भावाला खेळवताना ती आपलंच नाव घेऊन आपल्यालाच सांगायला लागली. दिव्यानी, हळू. दिव्यानी, सांडू नोको. तिची आजी गिरजाबाई एके सकाळी शाळेत आली ती बसलीच नाही.

"बाई, थे एकटीच बोलून राह्यली. अन् आपलंच नाव घेते. आपलं नाव आपन घेऊ नाई, उमर कमी होते. मले भेव लागते. मी नाई ठेवत तिले. मुखरूले म्हटलं, ने बाबा संग."

मी घाबरले. प्रशिक्षणात ऐकलेलं होतं नव्हतं ते सगळं तिला समजावून सांगितलं, लहान पोरं आधी मोठ्याने बोलतात, तेच पुढे मनात जातं, त्यातून मन ताब्यात येतं. गिरजाबाईने सारं आदराने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ते सगळं बरोबर आहे, पण नाव काऊन घेते? त्याच आठवड्यात मुखरूने मिरचीचे मजूर नेणाऱ्या मुकादमाला घरच्या माणसांत दिव्यानीचंही नाव सांगितलं, असं मला लच्छूकडून कळलं. पोरांना सगळं आधी कळतं.

आता पुढचं ऐक. धान निघालं, मंडईची जत्रा आली. गावातल्या पोरांनी नाटक बसवायला घेतलं आहे आणि तालमीला जागा म्हणून सरांनी माझाच वर्ग दिला. शाळा सुटली की राजा, राणी आणि प्रधान बाकांवर येऊन बसतात. आपल्या झाडीपट्टीतलं नाटक तुला काय सांगायचं. पाठ करायला वेळ कोणाला? सारा भार प्रॉम्टरवर. तो समोर खाली बसून पुस्तकातून बोलतो, ते ऐकून वरचा बोलतो. आमचा प्रॉम्टर सुरेंद्र, एरवी कपडे शिवतो. तालमीत तो वाक्यांसोबत बाकीचंही सांगतो. राजा, ऊठ. राजा, तलवार डाव्या हातात नोको.

दिव्यानी रोज थांबायची. तिचं लक्ष राजाकडे नसायचं, सुरेंद्रकडे असायचं. एकदा मला म्हणाली, "मॅडम, राजाले काईच येत नाई. थो खाली बसून सांगते, तवा राजा शायना दिसते. माह्या बी पोटात असाच एक हाये." मी विचारलं, मग तो तुझं नाव घेऊन का बोलतो? ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघायला लागली. "नाव नाई घेतलं त कोनाले सांगून राह्यला थे कसं समजन?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला एवढा वेळ लागला. दुसऱ्या संध्याकाळी गिरजाबाई तिला न्यायला आली तेव्हा मी त्या बाईला बाकावर बसवून घेतलं. समोर सुरेंद्र एकटाच बोलत होता, राजा, थांब, राजा, आता रड. गिरजाबाई बराच वेळ बघत बसली. मी एवढंच म्हटलं, आजी, तुमची नात आपली प्रॉम्टर आपणच आहे, तिच्याजवळ दुसरा माणूस नाही.

तिने दिव्यानीकडे पाहिलं, सुरेंद्रकडे पाहिलं. "असं सांगाव ना मंग, बाई. मले वाटलं का बाहेरचं लागलं काई." एक अट घातली, दिवेलागणीच्या वेळी नाव घ्यायचं नाही. दिव्यानीने कबूल केलं. आता गावातली पोरं तिला प्रॉम्टरच म्हणतात, आणि मुखरू मला बोडीवर भेटला तेव्हा हसत म्हणाला की आजी ठेवते म्हणते तर राहू दे.

ती राहते आहे, मावशी. शाळेतच राहते आहे.

रीता

*

भद्रावती
२० जानेवारी २०२४

चि. रीता,

पाण्याचा उपाय सुरुवातीपुरता असतो, नंतर तोंड मोकळं करायचं असतं, हे मी तुला आधीच सांगितलं होतं. पत्र नीट वाचत जा.

आता पुढचं ऐक. हे बोलणं जन्मभर मोठ्याने चालणार नाही, परीक्षेत पर्यवेक्षक उठवून देईल. पण तू बंद करू नको. आधी मोठ्याने, मग कुजबुजत, मग नुसते ओठ, मग तेही नाही. पोर चालायला लागतं तेव्हा भिंत धरतं. भिंत कोणी पाडत नाही, पोरच एके दिवशी हात सोडतं. तिच्याकडून रोज थोडंच लिहून घे, पण सांगणारी तीच राहू दे. तू मध्ये बोललीस की ती तुझं ऐकेल आणि आपलं ऐकायचं सोडून देईल.

शेजारचा प्रवीण दुसरीत आहे, त्यालाही अक्षरांचं वावडं. बडबडत लिही म्हटलं तर बरं लिहितो. योगायोग असेल.

मुखरूने ऐकलं हे फार बरं झालं. मी देवाजवळ साखर ठेवली. भिशीत मात्र अजून सांगितलं नाही.

सुगंधामावशी

*

बोडीटोला
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय मावशी,

मी पत्र जपून ठेवते. तू तसं लिहिलेलं नव्हतंस. पण ते राहू दे, आज भांडायला लिहीत नाही.

दिव्यानी आता पानभर लिहिते. अर्धी अक्षरं डुलतात, पण मगरीने काय खाल्लं ते वाचता येतं. आवाज माघाआधीच कुजबुजीवर आला होता. तुझ्या सगळ्या पायऱ्या बरोबर निघाल्या.

माघ लागला आणि मिरचीची गाडी आली. सकाळी शाळेसमोरच लागते. पोती, भांडी, चुलीची लाकडं, मग बायका, मग माणसं. दिव्यानीचा धाकटा भाऊ अंगावर पिणारा आहे, तो आईसोबत जाणारच होता. मुखरूने बायकोला पाठ इकडे करून बसवलं होतं. पोरगी धावत येईल, मागे लोंबकळेल, कुणाला तरी चावेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं. मागच्या वर्षी तिने तसंच केलं होतं म्हणे, गाडी दोनदा थांबवावी लागली होती. गिरजाबाईने तिचं मनगट पक्कं धरलं होतं. मी मागे उभी होते, लागलं तर धरायला.

गाडी सुरू झाली तशी तिच्या आईने मान वळवली. दिव्यानीने आजीचा हात सोडवून घेतला. मी पुढे झाले. पण ती धावली नाही. तिथेच ताठ उभी राहिली आणि बोलायला लागली. मी अगदी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"दिव्यानी, हात खाली. पाय तिथीच ठेव. दिव्यानी, रडू नोको. माय पाह्यते. तू रडली त माय रडन. थांब. थांब. आता जाईन गाडी."

गाडी पाळीवरून वळली आणि दिसेनाशी झाली. तिचे दोन्ही हात फ्रॉकला चिकटलेले होते. डोळे कोरडे. मागे उभ्या बायका म्हणाल्या, मॅडमनं पोरगी कशी सुदरवली पाहा. घनश्याम सरांनी तर माझं अभिनंदन केलं. मला त्या वेळी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईसाठी आठ वर्षांची पोरगी रडली नाही, आणि ते माझ्या खाती जमा झालं. मलाही रडू आलं होतं. मीही आवरलं.

त्याला आता आठवडा झाला. ती रोज वेळेवर येते, लिहिते, कुणाला हात लावत नाही. एकदाही रडलेली नाही. कुजबुजही गेली आता, नुसते ओठ हलतात, लिहीत नसताना सुद्धा. ती स्वतःला काय सांगते ते मला ऐकू येत नाही, पण मला माहीत आहे. गिरजाबाई म्हणते, पोरगी जेवत नाई, पन तरास बिलकुल देत नाई.

ती शाळेत राहावी म्हणून मी एवढं केलं. ती राहिली. मी तिला आवरायला शिकवलं, आणि आता तिचं ते सुटत कसं नाही, हे बघत बसले आहे. सुचेल ते लिही.

रीता

*

भद्रावती
२३ फेब्रुवारी २०२४

रीता,

हे पत्र पोस्टाने तुला मिळायच्या आधी मीच पोचेन, म्हणून ते हातातच आणून देईन. उद्या पहिल्या एसटीने चंद्रपूर आणि तिथून चामोर्शी. तुझं पत्र वाचल्यापासून मला घरात बसवत नाही. तरी लिहिते आहे, कारण समोरासमोर मला हे बोलायला जमायचं नाही. समोर आले की मी तुझी साडी आणि तुझं ऱ्हस्व-दीर्घ काढत बसेन.

पोरांना आवरायला कसं लावायचं, याचे माझ्याकडे पन्नास उपाय आहेत. आवरलेलं सोडायला कसं लावायचं, याचा एकही नाही. मी काल दिवसभर शोधला.

एवढंच सुचतं. तिला वर्गात काही विचारू नको. शाळा सुटल्यावर तिच्या घरी जा आणि गिरजाबाईच्या चुलीजवळ तिला मांडीवर घे. ती मोठी झाली म्हणून लाजू नको. आईचा विषय तू काढ. आई काय करत असेल, भाऊ कुणाजवळ असेल, कधी येतील, सगळं. तिचे ओठ हलायला लागतील. आत ती म्हणत असेल, दिव्यानी, रडू नको. मी तुला लिहिलं होतं की मध्ये बोलू नको. या वेळी बोल. तिचं नाव घे, तिला ऐकू येईल असं मोठ्याने घे, आणि म्हण, दिव्यानी, रड.

लगेच रडणार नाही. पुन्हा सांग. आणि ती रडायला लागली की मग तू गप्प बस, आणि तिला थांब म्हणू नको.

सुगंधामावशी